६ लाखांची ऑफर, ३९ हजारांचा पगार

रविवारी सकाळी भाचा आला, तेव्हा पोह्यांवर शेव आणि जिरावन पडायचं होतं. आल्या आल्या त्याने मोबाइल माझ्या ताटलीशेजारी ठेवला. "मावशी, बघ! सहा लाख. म्हणजे महिन्याला पन्नास हजार."

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात मी वीस वर्षं पगारपत्रकं बनवली. त्यामुळे नात्यातली, गल्लीतली, भिशीतल्या बायकांची मुलं ऑफर लेटर घेऊन आमच्याकडे येतात. (काही नुसती पोह्यांसाठी येतात, तेही मला कळतं.) सहा लाख भागिले बारा हा हिशेब त्यातला प्रत्येक जण करून आलेला असतो. इंजिनियर झालेलेही.

"पन्नास नाहीत रे," मी म्हटलं. "चाळीससुद्धा नाहीत."

त्याचा चेहरा पडला. मग पोहे गार होऊ देऊन आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. त्या कागदावर जे उतरलं ते इथे लिहिते आहे, कारण हाच कागद मी वर्षाला दहा-बारा वेळा लिहिते. नोकरी बदलणाऱ्याला मी पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारते: यातलं तुझ्याबरोबर काय येणार आणि मागे काय राहणार? पगाराला हा प्रश्न लागू आहे, पीएफला आहे, आणि क्षेत्रच बदलायला निघालेल्या माणसाच्या अनुभवाला तर सगळ्यात जास्त.

फणस आणि गरे

ऑफर लेटरवर ठळक छापलेला आकडा सीटीसीचा असतो. तुम्ही कंपनीला वर्षाला केवढ्याला पडता, तो हा आकडा. तुमच्या हातात किती पडतात हे त्यावरून कळत नाही. फणस अख्खा तोलतात, गरे घरी आल्यावर कळतात, तसंच आहे हे.

भाच्याच्या सहा लाखांतून आधी साल काढली. वर्षाचे व्हेरिएबल पे, म्हणजे कमी-जास्त होऊ शकणारा भाग, ६०,०००. कंपनी भरणार तो पीएफ २१,६००. ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे बरीच वर्षं नोकरी केल्यावर सोडताना मिळणाऱ्या रकमेपोटी, १४,४३०. ग्रुप मेडिक्लेमचा, म्हणजे कंपनीने काढलेल्या आरोग्य विम्याचा, हप्ता ८,९७०. झाले १,०५,०००. उरले ४,९५,०००, म्हणजे महिन्याला ४१,२५०. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्रातला प्रोफेशनल टॅक्स २०० वजा, कारण नोकरी पुण्याजवळ चाकणला आहे. हातात ३९,२५०. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो, म्हणून टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा कर, नाही. नाहीतर तोही गेला असता.

आता एकेक रक्कम जरा उलगडून बघू.

पीएफ दोघांनी भरायचा असतो, १२ टक्के नोकराने आणि १२ टक्के मालकाने. कायद्याने बंधनकारक पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपये आहे. म्हणून बऱ्याच कंपन्या मूळ पगार कितीही असो, १५,००० चे १२ टक्के, म्हणजे १,८०० वरच थांबतात. भाच्याचा मूळ पगार २५,००० आहे आणि तरी १,८००, ते यामुळे. कंपनीच्या १,८०० मधले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात आणि ५५० पीएफमध्ये. पासबुक उघडल्यावर "कंपनीने माझे पैसे खाल्ले" म्हणून जी मुलं फोन करतात, त्यांना हे सांगून सांगून मी थकले आहे.

ग्रॅच्युइटी सीटीसीमध्ये दाखवतात ही मला कायमच जराशी लबाडी वाटत आली आहे. बेकायदा नाही, पण लबाडी. पाच वर्षं सलग नोकरी झाल्याशिवाय ती मिळत नाही (मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ही अट नाही). सूत्र सोपं आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्याच्या सीटीसीत ही रक्कम दरवर्षी दिसते आणि त्याला एकदाही मिळत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यात ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. कायम नोकरीवाल्यांना पाच वर्षांचीच अट आहे.

त्याच संहितांनी आणखी एक गोष्ट केली. पूर्वी मूळ पगार तीस-पस्तीस टक्के ठेवून बाकीचं भत्त्यांत वाटून टाकायची चाल होती, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी बसायची. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग 'वेतना'तच धरला जातो. जुन्या स्लिपशी नवी स्लिप ताडताना हे लक्षात असू द्या, नाहीतर मूळ पगार भरपूर वाढला असं वाटून तुम्ही उगाच पेढे वाटाल.

आणि व्हेरिएबल. एचआरला विचारायचा प्रश्न असा: "मागच्या दोन वर्षांत माझ्या ग्रेडच्या लोकांना किती टक्के मिळालं?" पहिल्याच वर्षी आठ-नऊ महिने भरले तर प्रमाणात मिळतं की काहीच नाही, तेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर त्या साठ हजारांना शून्य समजून चाला. मिळालेच तर दिवाळी.

पुण्याचं घर आणि सुदामानगरचं घर

भाचा सध्या ४ लाख ३२ हजारांवर आहे. म्हणजे सीटीसीत जवळजवळ ३९ टक्के वाढ, आणि मित्रांत त्याने हाच आकडा सांगितला होता. हातात येतात ३०,६००, तिथून ३९,२५०. वाढ २८ टक्के. वाईट नाहीच.

पण आज तो इंदुरात सुदामानगरला आईच्या हातचं जेवतो. घरात आठ हजार देतो. कंपनीची बस दाराशी येते, कँटीनचं जेवण जवळपास फुकट. यातलं काहीही त्याच्या सीटीसीत लिहिलेलं नाही, म्हणून ते त्याला दिसतही नव्हतं. चाकणला खोलीतला वाटा ८,५००, मेस ४,५००, पेट्रोल २,५००, महिन्यातून एकदा रात्रीच्या बसने इंदूरला यायचं-जायचं २,६००. बेरीज १८,१००. उरले २१,१५०. इथे घरात देऊन उरतात २२,६००. म्हणजे ३९ टक्के वाढ घेऊन मुलगा महिन्याला १,४५० रुपयांनी खाली.

"मग नको जाऊ?" त्याने विचारलं.

असं मी म्हटलं नाही. पैशासाठी जात असशील तर ही ऑफर पुरेशी नाही, एवढंच कागद सांगतो. तिथे गाडीच्या नव्या मॉडेलचं काम पहिल्या दिवसापासून हाताळायला मिळणार असेल आणि इथे तीन वर्षं तोच पार्ट, तीच गेज, तेच रिजेक्शनचे तक्ते असतील, तर महिन्याचे दीड हजार ही शिकवणीची फी समजायची. तीन वर्षांनी तो तिथून काय घेऊन निघेल, हे त्याने स्वतःला विचारायचं. नुसतं 'पुणे' म्हणून जायचं असेल तर मी पोरांना अडवते. इंदूरच्या मराठी घरांत पुण्याला गेला म्हणजे मार्गी लागला असं समजायची फार जुनी खोड आहे. आमच्या पिढीतही होती.

मागे काय राहतं

भाच्याची साडेतीन वर्षं झालीत. मूळ पगार १८,०००. आणखी दीड वर्ष थांबला तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ५२ हजार बसेल. आता निघाला तर ती गेली. पण ५२ हजारांसाठी दीड वर्ष नको त्या कामावर बसावं असं मला वाटत नाही. कोणाची चार वर्षं आणि दहा महिने झाली असतील, तर मात्र मी त्याला दोन महिने खुर्चीला बांधून ठेवीन.

पीएफ मात्र बरोबर येतो, आणि नेमका तोच लोक मोडतात. भाच्याच्या खात्यात दरमहा त्याचे १,८०० आणि कंपनीचे ५५० असे २,३५०, बेचाळीस महिन्यांचे ९८,७०० आणि वर व्याज. २०२४-२५ चा व्याजदर ८.२५ टक्के होता. "मोटरसायकल घेऊ का त्याच्यातून?" हा प्रश्न येणारच होता, आला. पाच वर्षं सलग सेवा व्हायच्या आत काढलेला पीएफ करपात्र धरला जातो. तेच खातं यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) नव्या कंपनीत वळवलं, तर जुनी साडेतीन वर्षं मोजणीत राहतात. पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षंही अशीच जोडून होतात. यूएएन एकच ठेवायचा, नव्या कंपनीने दुसरा काढला तर तिथल्या तिथे हरकत घ्यायची. आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकली का, हे महिन्या-दोन महिन्यांनी स्वतः बघायचं. ती नसली की ट्रान्सफर अडतं, आणि तोवर जुन्या ऑफिसातलं आपलं ऐकणारं माणूसही बदललेलं असतं.

आपल्या नावावर जमा असलेले पैसे आणि कंपनीकडून येणे असलेले पैसे यांतला फरक इंदूरकरांना समजावून सांगावा लागू नये. हुकुमचंद मिल १९९१-९२ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला २५ डिसेंबर २०२३ ला, ४,८०० च्या आसपास कामगारांसाठी. कित्येकांच्या घरी तो घ्यायला मुलं-नातवंडं उरली होती. म्हणून ऑफर बघताना प्रत्येक रकमेपुढे मी एक खूण करते: ही दरमहा नावावर पडते, की 'नंतर देऊ' म्हणून कंपनीकडे राहते?

एक गोष्ट सगळेच विसरतात, ग्रुप मेडिक्लेम. तो साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. दोन नोकऱ्यांच्या मधे वीस दिवसांची सुट्टी काढून गोव्याला जाणाऱ्याच्या आई-वडलांवर त्या वीस दिवसांत कंपनीचं विम्याचं छत्र नसतं. साठीच्या आई-वडलांसाठी वेगळी पॉलिसी हवी, कंपनी कितीही मोठी असो.

नोटीस, बाँड आणि शेवटचा हिशेब

इथे थोडक्यात सांगते. हातात सहीचं, तारखेचं, पगाराच्या तपशिलासह ऑफर लेटर येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही. फोनवरच्या "यू आर सिलेक्टेड"ला काही किंमत नाही. नोकरी लावण्यासाठी कोणी रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे मागितले तर फोन ठेवायचा. नोटीस पिरियड किती, कमी करून मिळतो का, आणि पैसे भरून सुटता येतं का, हे जुन्या नियुक्तिपत्रात वाचायचं. दुसऱ्याच्या कंपनीतल्या अनुभवावर जायचं नाही.

बाँडबद्दल, म्हणजे अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही अशा लेखी कराराबद्दल, लोकांत दोन टोकाचे समज आहेत. एक, बाँड म्हणजे तुरुंग. दोन, बाँड म्हणजे रद्दी. दोन्ही चूक. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ म्हणतं की कोणाला पोटापाण्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल. म्हणून 'सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही' असल्या अटी सहसा टिकत नाहीत. पण ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर अमुक रक्कम भरायची, ही अट टिकू शकते. एका सरकारी बँकेने तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट घातली होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. तेव्हा सही करण्याआधी आकडा वाचा, आणि तेवढे पैसे मोजून निघायची तयारी असेल तरच सही करा.

फुल अँड फायनलचा हिशेब नव्या वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. पूर्वी महिना-दीड महिना ही सर्रास रीत होती, आणि इतकी वर्षं मुरलेली रीत एका रात्रीत जात नाही. म्हणून मधला एक महिना चालेल एवढे पैसे हाताशी ठेवा. नव्या कंपनीला जुन्या पगाराचा तपशील आल्याबरोबर द्या. नाही दिलात तर दोन्ही ठिकाणचं उत्पन्न वेगवेगळं मोजलं जातं, सूट दोनदा धरली जाते, आणि रिटर्न भरायच्या वेळी करपात्र पगारवाल्याला मोठा फटका बसतो. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कार्यमुक्तीचं पत्र, घेतल्याशिवाय जुन्या ऑफिसातून पाय काढू नका.

क्षेत्रच बदलायचं असेल तर

हा भाग अवघड, आणि लोक सगळ्यात जास्त पैसे इथेच घालवतात.

माझ्या मैत्रिणीचा दीर एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये एका घाऊक कापडाच्या पेढीवर अकाउंट्स बघायचा. चौदा वर्षं. छत्तिशीत त्याच्या डोक्यात आयटी घुसलं. डेटा सायन्सचा कोर्स, दीड लाख फी, 'प्लेसमेंट असिस्टन्स'. पैसे भरायच्या आदल्या संध्याकाळी वहिनीने त्याला माझ्याकडे पाठवलं.

त्याला मी सांगितलं ते असं. प्रत्येक नोकरीत दोन गोष्टी असतात, तुम्ही करता ते काम आणि ज्या धंद्यात ते करता तो धंदा. एका वेळी एकच बदला. काम तेच ठेवून धंदा बदलला तर अनुभव मोजला जातो. धंदा तोच ठेवून काम बदललं तरी मोजला जातो. दोन्ही एकदम बदलले तर तुम्ही फ्रेशर. मग तुमची स्पर्धा बावीस वर्षांच्या पोराशी, त्याच्याच पगारावर, आणि तुमच्या घरी दोन मुलांची फी. कंपनीच्या बाजूने बघा: तिला तुमची जिद्द विकत घ्यायची नसते, जोखीम कमी करायची असते. ओळखीची एक बाजू शिल्लक असली की तिला निम्मी जोखीम वाटते.

मग त्याला घरी पाठवलं आणि एक काम दिलं. सोमवार ते शनिवार रोज रात्री लिहायचं, आज प्रत्यक्ष काय काय केलं. हुद्दा लिहायचा नाही, काम लिहायचं. आठवड्याने वही आली. जमा-खर्च, पार्टीची वसुली, दर महिन्याच्या ११ तारखेचं जीएसटीआर-१, २० तारखेचं ३बी (जीएसटीची दोन विवरणपत्रं), हे अपेक्षित होतं. मधेच एक ओळ होती: "शेजारच्या पेढीचं बिलिंग अडकलं, जाऊन चालू करून दिलं." बुधवारी पुन्हा. शुक्रवारी दोनदा. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "ते होय, सगळे मलाच बोलावतात." १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा त्या गल्लीतल्या सात-आठ पेढ्यांची सॉफ्टवेअरं यानेच बसती करून दिली होती, चहावर.

त्याचं आयटी ते होतं. व्यापाऱ्यांना बिलिंग आणि जीएसटीची सॉफ्टवेअरं बसवून देणाऱ्या, अडलं तर सोडवून देणाऱ्या कंपन्या असतात, आणि त्यांना कोडिंग येणारी मुलं मिळतात. व्यापाऱ्याची भाषा येणारी मिळत नाहीत. विजयनगरच्या अशाच एका कंपनीत त्याला इंटरव्ह्यूत विचारलं, "ग्राहक म्हणतोय माझं आर-१ आणि ३बी जुळत नाही, काय कराल?" याने उलट विचारलं, "माल परत आलेला का? क्रेडिट नोट कोणत्या महिन्यात टाकली?" समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

पहिलं दीड वर्ष पगार पेढीपेक्षा कमीच होता, हेही सांगायला हवं. क्षेत्र बदलणारे बहुतेक जण एक पायरी उतरून मग चढतात. ती उतरण किती महिने झेपेल याचा हिशेब आधी करायचा. घरखर्च, हप्ते, फी आणि विमा मिळून महिन्याचे किती, आणि बाजूला ठेवलेले पैसे त्याच्या किती पट. सहा पट नसतील तर आधी ते जमवा, तोवर नोकरी सोडू नका.

आणि कोर्स? मी कोर्सच्या विरोधात नाही. पण फी भरण्याआधी संस्थेकडून मागच्या बॅचमधल्या तीन जणांचे नंबर मागायचे, ज्यांना त्यातून काम मिळालं. जाहिरातीतले फोटो चालणार नाहीत, बोलता येणारी माणसं हवीत. नंबर मिळाले नाहीत तर तेच तुमचं उत्तर.

नाटकाच्या मध्यंतरात

नोकऱ्यांचे अर्ज वेबसाइटवर टाकत बसण्यात लोकांचे महिने जातात. टाकावेत, पण सगळी भिस्त त्यावर नको.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक गंमत दाखवून दिली. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांना त्याने विचारलं, ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर, असं म्हणणारे १६.७ टक्केच निघाले. अधूनमधून म्हणणारे ५५.६ आणि क्वचित म्हणणारे २७.८ टक्के. कारण सरळ आहे. जिवलग मित्र, सख्खा भाऊ, त्याच लाइनवरचा सहकारी यांना तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत आहे. लांबच्या माणसाकडे लांबची खबर असते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी वापरणाऱ्यांवर पाच वर्षं केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यातही हेच आलं. त्यांनी फक्त एवढी भर घातली की ओळख अगदीच पुसट असून उपयोग नाही, मध्यम पातळ ओळख सगळ्यात कामाची.

इंदूरच्या मराठी माणसाकडे पातळ ओळखींचं घबाड असतं. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात चहाच्या रांगेत भेटणारे, गणपतीत आरतीला दिसणारे, मुंजीत पंगतीला शेजारी बसलेले. त्यातला कोणाचा तरी जावई देवासला, कोणाची सून सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत, कोणाचा व्याही पीथमपूरच्या औषध कारखान्यात असतो. आपण त्यांना विचारतो ते चुकीचं. "काका, कुठे नोकरी असेल तर बघा हं," यावर काका "हो हो" म्हणतात आणि विसरतात, कारण त्यांच्या हातात नोकरी नाही. त्याऐवजी विचारा: "काका, तुमच्या जावयांच्या कंपनीत क्वालिटीचं काम कोण बघतं? त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलायचं होतं, काम कसं चालतं ते समजून घ्यायला." हे काका करू शकतात. नंबर देतात. वर दोनदा आठवणही करतात.

त्या पंधरा मिनिटांत नोकरी मागायची नाही. तुमच्याकडे सध्या कशाची डोकेदुखी आहे, एवढंच विचारायचं. मग बायोडेटा त्या डोकेदुखीच्या शब्दांत लिहायचा.

भाच्याच्या बायोडेटात ओळ होती, "गुणवत्ता तपासणीची जबाबदारी पार पाडतो." अशा ओळीने पान भरतं, डोळा थांबत नाही. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की एका कास्टिंगचं रिजेक्शन आठ महिन्यांत ४.२ टक्क्यांवरून १.९ वर आलं, कारण पार्ट फिक्स्चरमध्ये (तो घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्यात) तिरका बसतोय हे याने पकडलं. "हे लिहिलं का नाहीस?" तर म्हणे, "त्यात काय, सगळे मिळूनच केलं." आपल्याकडे स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई असं लहानपणापासून भरवलेलं असतं, त्याचा हा परिणाम. बढाई मारू नकोस, आकडा लिही, आणि तू नेमकं काय केलंस तेवढंच लिही. आम्ही ती ओळ बदलली. जाहिरातीतले शब्दही जसेच्या तसे घातले, कारण मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी बऱ्याचदा संगणक लावतो आणि त्याला समानार्थी शब्द कळतीलच असं नाही.

भंवरकुआंबद्दल, म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसच्या भागाबद्दल, थोडंसं, कारण त्याशिवाय इंदुरात हा विषय पुरा होत नाही. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं कार्यालय आपल्याच गावात, क्लासेस आपल्याच गावात, त्यामुळे 'अजून एक अटेम्प्ट' ही इथली साथ आहे. तयारी जरूर करा. पण सुरू करतानाच, डोकं शांत असताना, वहीत तारीख लिहा की या दिवसापर्यंत, मग दुसरं काम. निकालाच्या रात्री हा निर्णय कोणालाच घेता येत नाही. आणि ती वर्षं बायोडेटात लपवू नका. "दोन वर्षं स्पर्धा परीक्षा, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत" असं सरळ लिहिलेलं वाचून मी तरी कधी कोणाला बाजूला काढलं नाही. तारखा फिरवलेल्यांना मात्र काढलंय.

भाच्याने त्या दिवशी माझ्याच टेबलावर बसून एचआरला मेल लिहिला. तीन गोष्टी विचारल्या. मागच्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती दिलं, त्यातला निम्मा भाग फिक्समध्ये घेता येईल का, आणि मेडिक्लेममध्ये आई-वडील धरले आहेत का. "असं विचारलं तर ऑफर काढून घेतील," म्हणून पाठवायला घाबरत होता. नम्र भाषेत तीन प्रश्न विचारल्याने ऑफर गेलेली मी वीस वर्षांत पाहिली नाही. आकडा मागून सही केल्यावर पुन्हा आकडा मागणाऱ्यांची गेलेली पाहिली आहे.

बुधवारी उत्तर आलं. पहिल्या प्रश्नाला बगल दिली होती. पण तीस हजार फिक्समध्ये टाकले होते. म्हणजे महिन्याला २,५०० जास्त, हातात ४१,७५०, चाकणचा खर्च जाऊन २३,६५०. घरापेक्षा १,०५० वर. मेडिक्लेमबद्दल लिहिलं होतं की आई-वडील घालता येतील, हप्ता पगारातून कापला जाईल. किती, ते लिहिलं नव्हतं. तो आकडा आल्याशिवाय सही करायची नाही, असं त्याने मलाच सांगितलं.